पॅनेलवरची तिसरी खुर्ची

कारखाना बंद पडल्यापासून स्टोअरकीपर वर्षभर घरीच होता. घरी बसलेला माणूस घरच्यांना नको तेवढा दिसतो. त्यामुळे एका अवाढव्य कंपनीने गोदाम सांभाळायच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं, तेव्हा सुटकेचा निःश्वास त्याच्याआधी बायकोने टाकला. या वयात पुन्हा कोणी बोलावेल, असं घरात कोणीच धरून चाललं नव्हतं.

"मामा, एक लक्षात ठेव," भाच्याने बजावलं. भाचा अशा बऱ्याच मुलाखतींत आपटला होता, म्हणून घरात जाणकार समजला जाई. "हल्ली मुद्दाम गोंधळात टाकतात आणि माणूस कसा वागतो ते बघतात. काहीही झालं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. सांगतील ते करायचं."

काचेच्या दाराबाहेर सगळी पोरंपोरी बसली होती, शर्टाच्या इस्त्रीपासून हसण्यापर्यंत एकसारखी. टाय, चष्मा आणि पिकलेले केस हा ऐवज एकट्या स्टोअरकीपरकडे होता. एचआरच्या बाई घाईने बाहेर आल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि थेट त्याच्यासमोर थांबल्या.

"सर, तुम्ही इथे कुठे बसलात? आत खोळंबलेत सगळे."

आत टेबलापलीकडे दोन साहेब होते, एक टकले आणि एक जाडे. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"या, इकडे या," टकले साहेब म्हणाले. "दुसऱ्या खात्यातला एक माणूस पॅनेलवर हवाच, असा नियम आहे. आणि दर वेळी तोच उशिरा उगवतो. बसा."

स्टोअरकीपरने मनातल्या मनात भाच्याची पाठ थोपटली. हीच ती परीक्षा. चेहऱ्यावर काहीही न दाखवता तो बसला आणि सांगितलं तिथे सही केली.

आत आली ती एक घाबरलेली मुलगी. साहेबांनी तिला दहा वर्षांनी ती कुठे असेल ते विचारलं. मग टकले साहेब म्हणाले, "तुम्हीही विचारा काहीतरी."

"नोंदीत माल आहे, फळीवर नाही," स्टोअरकीपर म्हणाला. "आधी काय कराल?"

"चौकशी समिती नेमेन."

"समिती बसेपर्यंत शेजारची फळी बघाल की नाही?"

मुलीला हसू फुटलं. "बघेन. आणि परत आलेला मालही. तो बऱ्याचदा नोंद न होता पडून असतो."

"आता कसं."

आपला दिलदारपणा मोजताहेत, असं धरून त्याने तिला पैकीच्या पैकी गुण दिले. जागा बऱ्याच होत्या; पहिली निवड तिची झाली. तिला तसं सांगूनही टाकलं.

"पुढचा?"

"दोनदा पुकारलं सर," बाई दारातून म्हणाल्या. "आलाच नाही."

"लावा गैरहजर." टकल्या साहेबांनी समोरचा अर्ज चाळला. "वीस वर्षं स्टोअर सांभाळलं म्हणे. वेळ सांभाळता येत नाही."

हाही परीक्षेचाच भाग असेल, म्हणून स्टोअरकीपर थोडा थांबला. कोणी हसेना. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तो मीच."

जाड्या साहेबांनी अर्जावरचा फोटो बघितला, मग त्याला बघितलं. "आहे खरा."

"मग घ्या ना माझी मुलाखत. नाहीतरी इथेच बसलोय."

बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी करून बघितलं. "गैरहजेरी लागली की वर्षभर अर्ज उघडत नाही, सर. आणि तुमची पॅनेलवर सही आहे. पॅनेलवरच्या माणसाला उमेदवार होता येत नाही."

"मग मी पॅनेलवर नव्हतो असं करा."

"तसं केलं तर पॅनेलच नव्हतं असं होईल. त्या मुलीची निवड रद्द करावी लागेल."

काचेपलीकडे ती मुलगी फोनवर कोणाला तरी दोन-दोनदा तेच सांगत होती. स्टोअरकीपरने तिच्याकडे बघितलं आणि टायची गाठ थोडी सैल केली.

"तुमची काही चूक नाही," टकले साहेब समजुतीने म्हणाले. "तशी आमचीही नाही."

एवढ्यात पुढचा उमेदवार आत येऊन उभा राहिला. खिशात फोन थरथरत होता; बायकोचाच असणार. स्टोअरकीपरने तो न बघताच बंद केला.

"बसा," तो म्हणाला. "स्वतःबद्दल थोडं सांगा."

सगळे उमेदवार संपल्यावर टकले साहेब त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आले. "मंगळवारी दुसऱ्या जागेच्या मुलाखती आहेत. तुमचे प्रश्न बरे असतात हो. जमेल का यायला? मानधन वगैरे काही नसतं, तेवढं मात्र आधीच सांगतो."

लिफ्टचं दार मिटू लागलं. स्टोअरकीपरने मध्ये हात घातला.

"किती वाजता येऊ?"