आडव्या टाकीची काठी

दादा टाक्या बनवायचा आणि त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धाकटी बहीण त्याच्याच कारखान्यात मापं घ्यायची. ती प्रत्येक गोष्टीत शंका काढते म्हणून तिचं नावच 'शंका' पडलं होतं. ठेवलं अर्थात दादानेच.

भांडण झालं ते काठीवरून. टाकीत किती तेल उरलंय हे बघायला प्रत्येक टाकीबरोबर खुणा केलेली एक काठी द्यावी लागते. दादा टाकीच्या उंचीएवढी काठी घ्यायचा, चार सारखे भाग करायचा, पाव, अर्धा, पाऊण अशा रेघा मारायचा आणि मोकळा व्हायचा.

"दादा, ही टाकी आडवी आहे," शंका म्हणाली. "गोल पोटाची. तळाशी अरुंद, मध्ये रुंद. काठी पाव भिजली म्हणजे टाकी पाव भरली असं नाही होत. मी पाणी ओतून बघितलंय. हजार लिटरची टाकी, वीस लिटरचे पन्नास डबे. साडेबारा डबे, म्हणजे बरोबर पाव, ओतले तर पाणी तुझ्या पावाच्या रेघेच्या दोन बोटं वर गेलं."

पाच कामगार ऐकत होते. खरं दुखणं ते. दादाने काठी तिच्या हातातून हिसकली आणि कोपऱ्यात भिरकावली. "डबे मोजायचेत तर पाणवठ्यावर जा. उद्यापासून इथे पाय ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. पुढे लोकांचे कपडे शिवून तिने दिवस काढले. दादा वर्षातून एकदा तिच्याकडे जायचा, चहा घ्यायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि उठायचा.

अठरा वर्षांनी धुलाईघराच्या मालकीणबाईंची टाकी गळू लागली. नवी टाकी ठरवायला दादा गेला, तर बाई म्हणाल्या, "काठी मात्र हीच राहू दे हं. हिची मागची बाजू फार इमानदार आहे."

"मागची?"

"पुढची शोभेची! तुमच्या बहिणीने मागे खाचा पाडून दिल्या ना. इथेच नाही, नवी टाकी बसली की तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन यायची बिचारी. म्हणाली, दादाला सांगू नका, त्याला वाईट वाटेल."

दादाने काठी उलटी केली. अर्ध्याची खाच त्याच्या रेघेच्या बरोबर मागे होती. पावाची दोन बोटं वर, पाऊणची दोन बोटं खाली. एकाही गिऱ्हाइकाने कधी तक्रार केली नाही, हे तो अठरा वर्षं छाती फुगवून सांगत आला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंकडून काठी मागून घेऊन तो तडक बहिणीकडे गेला. तिला कारखान्यात परत न्यायचं, मापाचं टेबल तिच्या हवाली करायचं, हे त्याने वाटेतच पक्कं केलं होतं. दार उघडून तिने विचारलं, "कोण?" तो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तिला कमी दिसतं हे त्याने ऐकलं होतं. पण इतकं कमी, हे त्याला ठाऊक नव्हतं; विचारायला तो वर्षभर फिरकलाच नव्हता.

"मी," तो म्हणाला. टेबलाचं त्याने काढलंच नाही. त्याने काठी तिच्या हातात दिली. "तुझं बरोबर होतं गं. चूक माझी होती."

शिवणकामाने खरखरीत झालेली तिची बोटं खाचांवरून वर सरकली, खाली आली आणि पावापाशी थांबली.

"ही एवढीशी, एक सूत वर पडलीय," ती म्हणाली. "घाईत होते रे. मागून तू येशील अशी धास्ती होती." मग तिचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. "कुणाची गैरसोय तर नाही ना झाली, दादा?"

"कुणाचीच नाही," दादा म्हणाला आणि रडू लागला. आपल्या काठ्यांबद्दल हा प्रश्न त्याने एकदाही कुणाला विचारला नव्हता.