बांगडीखालचं मनगट

पोलीस ॲक्शनच्या साली नवरा गेला, तेव्हापासून भूम-ईटच्या बायकांचे हात रजियाबीच्या हाती होते. कुणाचा पंजा लोण्यासारखा दबतो, कुणाचं अंगठ्याचं हाड आडवं येतं, सगळं तिच्या बोटांना पाठ. काल भूमच्या सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर दत्तोपंत त्याच बोटांच्या बेचक्यांत बघून म्हणाले होते, "खरूज आहे ही, रजियाबी. सांगितलं तसं मलम लावा. आणि आठ दिवस कुणाचा हात धरू नका."

नागपंचमी चार दिवसांवर. बांगडीवालीनं आठ दिवस हात धरायचा नाही, म्हणजे नदीनं श्रावणात वाहायचं नाही. मन जाऊ नको म्हणत होतं, पाय ईटच्या वाटेला लागले होते.

उमाबाईंच्या ओसरीवर सहा महिन्यांचं लेकरू रडत होतं. सून अनसूया त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. रडणं बुडवायला बांगडीवाल्या वैराळणीचं गाणं गुणगुणत होती,

वैराळीण आली दारी, घाल बाई अंगणी पाट
भरल्या हातानं मी गं, माहेराची धरीन वाट

"गा, गा," उमाबाई आतून म्हणाल्या. "वाट धरायचीच हाय उद्या. भर गं रजिया, हिचे हात भर."

"पंचमीला चालली व्हय माहेरी?"

"कशाची पंचमी! लोहाऱ्याहून भाऊ येतोय न्यायाला. लेकरू ऱ्हाईल हितंच. हिचं दूध बाधलंय त्याला. परसात शेळी आणून बांधलीया."

अनसूयाची येरझार वाढली. भिंतीपासून खांबापर्यंत, खांबापासून भिंतीपर्यंत.

रजियाबीनं लेकराकडं पाहिलं. तळहात, तळपाय, काख, सगळीकडं बारीक फोड. काही पुवानं पिकलेले. बेचक्यांत बारीक रेघा, मुंगी पिठातून चालून गेल्यासारख्या. अशाच रेघा काल दत्तोपंतांनी तिच्या हातावर दाखवल्या होत्या. अन् बारशाला तिनंच या घरात बांगड्या भरल्या होत्या. अनसूयाचं हाड आडवं, हात बराच वेळ धरावा लागला होता.

"दवाखान्यात न्हेलं का लेकराला?"

"दोनदा. गंधकाचं मलम आणलं. जिथं फोड तिथं लावलं. चार दिस बरं, पुन्हा तेच. म्हंजे आतूनच हाय की! दुधातून."

"आन् पोरी, तुला?"

"मलाबी खाजतंय, मावशी. बोटांत लावते, कमरेला लावते."

"मनगटाला?"

अनसूयानं हात पुढं केला. डझनभर हिरव्या बांगड्या, मनगटावर घट्ट बसलेल्या. "हितं बांगड्या हायत की."

रजियाबीनं मनात हिशेब केला. दत्तोपंतांचं नाव घेऊन सांगता येईल, आपलं नाव वगळून. तसं सांगितलं तर पंचमीची कमाई हाती राहील. पण उमाबाईंनी बाहेर येऊन पाट टाकला होता, आणि अनसूया लेकराला मांडीवर घेऊन समोर बसली होती. तिचा हात पुढं आला तशी रजियाबी मागं सरकली.

"आता काय झालं गं?" उमाबाई म्हणाल्या. "नवरीवानी लाजतीस!"

"उमाबाई, दूध न्हाय बाधलं. खरूज हाय ही. माझ्याबी हाताला हाय."

उमाबाईंनी पदर आवरून घेतला.

"तूच आणलीस व्हय, भवाने?"

"माझ्याकडनं तुमच्याकडं आली का तुमच्याकडनं मला, अल्लाला ठावं. बारशाला हात धरला व्हता म्या, हे खरं. पर आयका. किडा असतोय, डोळ्याला न दिसणारा. तुमी फोडाला मलम लावता आन् त्यो बांगडीखाली बसून ऱ्हातो. मलम उतरलं की पुन्हा हिंडतो. त्याच हातावर ही लेकराला घेऊन पाजती."

"मग आता?"

"मलम गळ्यापासनं पायापत्तोर, समद्यांनी एकाच दिशी. तुमीबी, खाजू द्या न खाजू द्या. कपडे, गोधड्या उकळून उन्हात टाका. लेकराला मातर उद्याच दत्तोपंतांकडं न्या. त्याचं मलम येगळं, पुवाच्या फोडांचं औषध वायलं. आन् हिच्या बांगड्या काढा."

"वाढवू?" उमाबाई उसळल्या. "माझा लेक सोलापूरच्या गिरणीत राबतोय, आन् सणाच्या तोंडावर त्याच्या बायकोचे हात भुंडे करू?"

"फोडायच्या न्हाईत. साबणाचा फेस करून उतरवायच्या. हात भुंडे नकोत म्हणून हळदीचा दोरा बांधा, मलम लावताना रोज नवा."

"मग उतरव की. काम तुजं हाय."

"मला तिचा हात धरता येत न्हाय, उमाबाई."

दूध बाधतंय या संशयानं महिनाभर उमाबाईंनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी अंगणाकडं पाहिलं, परसाकडं पाहिलं. अखेर सुनेच्या मांडीवरून लेकरू काढून पाटावर ठेवलं, साबणाचा गोळा आणला आणि अनसूयाचा हात धरला.

"अंगठ्याखालचा उंचवटा दाबा," रजियाबी लांबून सांगत होती. "जोर न्हाय, गोडीनं. करंगळी आत घ्या."

पहिली बांगडी हाडाशी अडली आणि सुटली. एकेक करत बाकीच्या उतरल्या. खालची कातडी लालभडक, रेतीसारखी खरखरीत, नखांनी सोललेली. उमाबाई थांबल्या.

"अगं बया! बोलली का न्हाईस?"

"खाजतंय म्हणलं व्हतं की, आत्या."

उमाबाईंनी दुसरा हात ओढून घेतला. फेस करता करता पुटपुटल्या, "भाऊ आला तर जेवून एकलाच परत जाईल. आपण समदी भूमला." मग जरा वेळानं, "आन् माझ्या पाठीला मलम कोण लावणार? माझा हात न्हाय पोचत."

"म्या लावीन की, आत्या."

रजियाबीनं बांगड्यांचं ओझं खांद्यावर घेतलं. तिला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. शेजारच्या दारात शांताक्का पाट टाकून कधीची बसली होती.

"ये गं रजिया! त्यांच्यातच दिस काढतीस व्हय? माझे हात भर लवकर."

तिनं पुढं केलेल्या हातापासून रजियाबी दोन पावलं लांब उभी राहिली.

"भरायचं मागनं, शांताक्का. आधी बोटं फाकवून दावा."