ओट्यामागच्या टाइल्स

नाइट शिफ्ट संपवून अभिनंदन बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून सरळ निपाणीच्या बसमध्ये बसला आणि डोकं टेकताच झोपला. यमकनमर्डी कधी गेलं, संकेश्वर कधी गेलं, त्याला पत्ता नाही. कंडक्टरनं खांदा हलवून कन्नडमध्ये चार शब्द ऐकवले, तेव्हा निपाणी आली होती. तिथून वडापची जीप पकडून गावी पोचला, तर आई दारातच उभी. लेकासाठी पाण्याचा तांब्या घेऊन नव्हे, छन्नी आणि हातोडा घेऊन.

“आधी जेव, मग निवांत लाग कामाला,” धोंडूबाई म्हणाल्या. त्यांचं निवांत म्हणजे हात धुवायच्या आत.

घाई तशीच होती. परवा, रविवारी, जैन मुनी महाराज विहार करत गावात येणार होते. मुक्काम एकच दिवसाचा. धोंडूबाई सत्तरीच्या. आजवर त्यांनी शेजारच्या जयाबाईंच्या चौक्यात, नणंदेच्या चौक्यात उभं राहून महाराजांना आहार दिला होता, पण स्वतःच्या घरी चौका, म्हणजे महाराजांसाठी मांडलेला शुद्ध स्वयंपाक, एकदाही झाला नव्हता. कधी सासू अंथरुणाला खिळलेली, कधी नवरा. आता दोघंही गेली, तर गुडघे बसले. “पुढल्या खेपेला मला हुबं ऱ्हायला येतंय का न्हाय, कुणाला ठावं?” असं त्या फोनवर बोलल्या आणि अभिनंदननं दोन दिवसांची रजा टाकली.

अडचण होती ओट्यामागच्या टाइल्सची. त्याच्या वडिलांनी, बाबगोंडांनी, तीस वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेल्या. आता निम्म्या पोकळ वाजत होत्या आणि फटींतून झुरळं फिरत होती. आहार चालू असताना घासात जीव दिसला, तर अंतराय होतो. महाराज तसेच उठतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. आपल्या घरी असं झालं तर काय, या विचारानं धोंडूबाईंची झोप उडाली होती. गवंड्यांना विचारावं, तर ते पुढच्या महिन्याच्या गोष्टी करत होते.

“फौंड्रीत लोखंड फोडतोस न्हवं? मग एवढं न्हाय हुईत?”

झालं! लोखंड फोडणाऱ्यानं सुट्टीत टाइल्स फोडायच्या. अभिनंदननं डबे, पिठाची पिंपं, मांडणी, सगळं बाहेरच्या खोलीत रचलं. घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही. कारखान्यातला चष्मा लावून त्यानं कडेच्या टाइलखाली छन्नी सरकवली. पोकळ होत्या त्या एका ठोक्यात आल्या. बाकीच्यांनी मात्र अंत पाहिला. बाबगोंडांनी तिथं सिमेंट असं ओतलं होतं, जणू धरणच बांधायचं होतं. टाइल निघायची ती तुकड्यातुकड्यानं, सोबत गिलावा घेऊन. घमेलं भरायचं, मागच्या दारी ओतून यायचं, पुन्हा ठोकायचं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आईनं हाक मारून जेवायला बसवलं, तेव्हा त्याला भाकरीचा तुकडाही मोडवत नव्हता. त्याला वडिलांचा राग आला, टाइल्सचा आला, आणि खरं सांगायचं तर महाराजांचाही आला.

शनिवारी दुपारी शेवटची ओळ राहिली. त्यातली मधली टाइल अख्खी सुटून हातात आली आणि मागं भिंतीच्या ओल्या पोकळीत मुंग्यांचं वारूळच दिसलं. तांबड्या मुंग्या, हजारोंनी. तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या. त्यानं ओलं फडकं उचललं.

“थांब रं!” धोंडूबाई भिंतीला धरत धरत आल्या. “पिलं हाईत ती.”

“आई, उद्या सकाळी म्हाराज येणार. सगळं धुऊन काढायला पायजे.”

“धुतलं तर मरतील. ऱ्हाऊ दे. दोन दिसांत आपली आपण नेतील उचलून.”

“दोन दिसांत? मग चौक्याचं काय?”

धोंडूबाईंनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. अभिनंदननं खूप सुचवून पाहिलं. भिंतीवर फळी लावू, चादर टांगू, कुणाला काही दिसणार नाही. बाहेरच्या खोलीत चौक्याला जागा नाही, घरभर धूळ, हे त्यालाही कळत होतं. पण दोन दिवस मान मोडून काम केलेल्या माणसाला असं कळून काय उपयोग?

“म्हाराजांम्होरं तोंडानं म्हणायचं अस्तंय,” शेवटी त्या म्हणाल्या, “मन शुद्धी, वचन शुद्धी, काय शुद्धी, आहार-जल शुद्ध हाय म्हणून. मागं जीव वळवळत असताना कसं म्हणू?”

जयाबाईंनी आपल्या चौक्यात बोलावलं, तर “माझं गुडघं न्हाय चालत” म्हणून त्यांनी टाळलं.

रविवारी सकाळी गल्लीत बारा घरांपुढं माणसं कलश घेऊन उभी राहिली. महाराज मनात एखादा नेम धरून निघतात. तो जिथं जुळेल तिथंच थांबतात. नेम काय, ते कुणालाच ठाऊक नसतं. धोंडूबाई कालच्याच धुळकट लुगड्यात उंबऱ्यावर नुसते हात जोडून उभ्या होत्या. दर्शन तरी घडावं, एवढंच.

महाराज आले. “नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ” असा, थांबा म्हणून बोलावण्याचा, घराघरांतून पुकारा होत होता. त्याशिवाय महाराज कुणाच्या घरात पाऊल टाकत नाहीत. ते चालत राहिले. आणि धोंडूबाईंच्या दारासमोर थांबले.

बाकीच्या दारांतली माणसं वळून बघू लागली. अभिनंदन आईच्या कानाशी वाकला. “आई, म्हण की!” तो कुजबुजला. धोंडूबाईंचे ओठ हलले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण शब्द बाहेर आला नाही. महाराज थोडा वेळ थांबले, मग पुढं गेले. जयाबाईंच्या दारावरून गेले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, बाराही कलश मागं टाकून तसेच परत फिरले आणि बस्तीकडे, जैन मंदिराकडे निघून गेले. त्या बारा दारांत नेम जुळला नव्हता. आज त्यांना उपवास.

लोक कलश उतरवून घरात जाऊ लागले. जाता जाता प्रत्येकजण धोंडूबाईंकडं बघत होता. नेम हिच्याच दारात जुळला होता की काय, असंच प्रत्येकाच्या नजरेत होतं.

त्या उंबऱ्यावरच बसल्या. अभिनंदन शेजारी टेकला. त्याला झोप येत होती, भूक लागली होती आणि दुपारची बस गाठायची होती. आईवर ओरडावं असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही.

“माझ्या दारात आलेलं म्हाराज उपाशी गेलं,” धोंडूबाई म्हणाल्या. “माझं चुकलं व्हय रं, अभि?”

“न्हाय, आई,” तो लगेच म्हणाला.

हे आपण खरं बोललो की खोटं, ते त्याला बस बेळगावला पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.