आहे ते कोण मागतं?

लांबडी हे काही त्या बसचं खरं नाव नव्हतं. बसच्या कपाळावर आकडा होता, पण वस्तीत तो कुणाच्या तोंडी नसे. "लांबडी गेली का?" "लांबडी दिसली की हाक मारा हं." असंच चालायचं. नाव पडलं ते तिच्या चालीवरून. निघते निघते म्हणणारी पाहुणी उंबऱ्यात जशी अर्धा तास बोलत उभी राहते, तशी ही बस. वस्तीच्या टोकाला, थोरलीच्या शिवणाच्या दुकानासमोर वळायची, शाळेपाशी थांबायची, परिवहनाच्या ऑफिसला तोंड दाखवायची, मोठ्या दवाखान्याला वळसा घालायची आणि मग कुठं कापडबाजारात जाऊन टेकायची. उशीर व्हायचा, पण एकदा चढलं की उतरेपर्यंत काळजी नाही.

थोरली शाळांचे गणवेश शिवून बाजारात द्यायची. शिवलेल्या मालाचं बोचकं एवढं मोठं असे, की कोण कुणाला घेऊन निघालंय ते लांबून कळू नये.

"मावशी, याचं तिकीट काढा," कंडक्टर दर वेळी म्हणायचा.

"काढलं असतं रे. पण त्याला अजून दात आले नाहीत," थोरली दर वेळी सांगायची आणि बोचकं खिडकीजवळच्या सीटवर बसवायची.

ही सवय जुनी. धाकटी बहीण कॉलेजात होती तेव्हा ऐनवेळी, केस बांधत, पळत यायची. तिच्यासाठी जागा धरायला बोचकं खिडकीशी. आई गेली तेव्हा धाकटी थोरलीच्या कडेवर होती, त्यामुळे ती बहीण कमी आणि लेक जास्त. दुकानामागच्या खोलीत, मशीनच्या खडखडाटात ती शिकली. मशीन थांबलं की पुस्तकातून मान वर करून विचारायची, "ताई, काय झालं?" शिकली तीही शहरातल्या रस्त्यांचं आणि गाड्यांचं, आणि लागली परिवहनाच्या ऑफिसातच, नियोजन विभागात. आता तिला न्यायला-आणायला ऑफिसची मोटार होती. तरी तिचा दुरुस्तीचा कपडा, खोकल्याचं औषध, काय असेल ते थोरली लांबडीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि फोन करायची. धाकटी ऑफिसच्या थांब्यावर हात पुढं करून उभी राहायची. कंडक्टर दारातूनच पिशवी तिच्या हातात ठेवायचा. बस पुरती थांबायचीही नाही.

शहर वाढत वाढत वस्तीच्या पलीकडे गेलं आणि तिथं मेट्रोचे खांब उभे राहिले. एका सुट्टीच्या दिवशी धाकटी काखेत कापड घेऊन आली.

"ताई, कोट शिवून दे. मेट्रोच्या उद्घाटनाला घालायचाय. तुझ्याच हातचा हवा."

"उभी राहा नीट," थोरलीनं गळ्यातली टेप काढली. "खांदे पाडू नकोस. साहेबीण झालीस ना आता?"

धाकटी हसली. पाठीचं माप चाललं असताना म्हणाली, "एक काम होतं गं. पुढच्या आठवड्यात आमची माणसं घरोघर येतील. तुम्हाला कुठं जायचं असतं, म्हणून विचारतील. सगळ्यांना सांगून ठेव, मेट्रो स्टेशनचं नाव घ्या."

"आणि बाजार? दवाखाना?"

"त्याला लांबडी आहेच की. जे नाही ते मागा ना. इथून स्टेशनला जायला काहीच नाही. जितके जास्त लोक म्हणतील, तितकं मला वरती भांडता येईल."

थोरलीला पटलं. वस्तीत कुणालाही पटलं असतं, कारण इथली रीतच ती. आहे ते कोण मागतं? रस्त्यावर दिवा जळत असेल तर त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, विझला की मग सगळे दारात येतात. असलेल्या वस्तूचं नाव घेणं म्हणजे समोरच्याला उगाच आठवण करून देणं.

थोरली मशीन बंद करून दारोदार फिरली. बहुतेकांनी माना डोलावल्या. अडले ते फक्त मास्तर. निम्म्या वस्तीला त्यांनी पाढे शिकवलेले, आता गुडघ्यांनी घरात बसवलेले. मास्तरीणबाईंना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं, एवढाच त्यांचा प्रवास.

"मला स्टेशनात काय करायचंय? मी दवाखानाच सांगणार."

"मास्तर, म्हणायला काय जातं तुमचं?"

"खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं? मागणं आहे ते. मागताना कुणी घरात काय काय आहे ते वाचून दाखवतं का?"

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "धाकटी म्हणाली?"

"हो."

"मग ठीक. माझ्या हाताखाली शिकलीय. पण उलटं झालं ना, तर तुझ्या शिवणाच्या मशीनवर बसवून आम्हाला दवाखान्यात नेशील, सांगून ठेवतो."

विचारणारी पोरं आली त्या दिवशी वस्ती एका सुरात बोलली. एक म्हातारी तर वर्षानुवर्षं गल्लीबाहेर पडली नव्हती, तिनं प्रश्न पुरा व्हायच्या आतच "स्टेशन! स्टेशन!" म्हणून घेतलं आणि दार लावलं. थोरली दुकानातून पाहत हसत होती.

एक मुलगी हातातल्या टॅबवर बोट थबकवून म्हणाली, "सगळ्यांनाच स्टेशनला कसं काय जायचंय हो? ते तर अजून सुरूही झालं नाही."

"म्हणूनच तर," थोरली म्हणाली.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. थोरली पहिल्या रांगेत बसली. "आमची धाकटी बोलणार आहे," हे तिनं येताना भेटेल त्याला सांगितलं होतं आणि न भेटलेल्यांना निरोप धाडला होता. पडद्यावर शहराचा नकाशा उमटला. वस्तीपासून स्टेशनकडे मनगटाएवढा जाड लाल पट्टा, बाजाराकडे दोऱ्याएवढी रेघ. दवाखान्याकडची रेघ तर शोधावी लागत होती.

"तुम्ही सांगितलंत तसंच आम्ही केलं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, मास्तरांनीच घडवलेला. "स्टेशनपर्यंत छोटी फीडर बस सुरू होईल. थेट बसला मागणी राहिलेली नाही, असं तुमच्याच उत्तरांतून दिसतं. त्यामुळे ती या महिन्याच्या शेवटी बंद होईल."

थेट बस म्हणजे कोणती, ते थोरलीला आधी कळलंच नाही. लांबडीला इतक्या सभ्य नावानं आजवर कुणी हाक मारली नव्हती.

मास्तर खुर्चीची पाठ धरून उठले. "आणि दवाखाना?"

"फीडरनं स्टेशन, तिथून मेट्रो, मग उतरून दुसरी फीडर."

"हिला घेऊन?" मास्तरांनी शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंकडे हात केला.

"लिफ्ट आहे काका." धाकटीनं क्षणभर हातातल्या कागदाकडे पाहिलं. "पण दवाखाना तुमच्यापैकी कुणी सांगितलाच नाही."

हॉलमधल्या माना वळल्या, त्या पडद्याकडे नाहीत, धाकटीकडेही नाहीत. थोरलीकडे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर तरी देता येतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी कोटाची फिटिंग द्यायला आली, दारात मोटार उभी करून. जसं काही घडलंच नाही. थोरलीनं अर्धवट कोट तिच्या अंगावर चढवला, तोंडात टाचण्या धरल्या आणि बाही लावायला घेतली.

"काही बोलत का नाहीस?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं ओठांतल्या टाचण्यांकडे बोट दाखवलं. दोन्ही बाह्या लागल्या. पाठ लागली. मग उरलेल्या टाचण्या तिनं एकेक करून उशीत खोचल्या.

"तुला माहीत होतं?"

धाकटी सगळीकडून टाचलेली, तिला हलायची सोय नव्हती. "ताई, लांबडी जाणारच होती. मेट्रो आली की तिच्या वाटेवरच्या बसगाड्या काढायच्या, हे वरून ठरून आलं होतं."

"मग तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर मोर्चा आला असता, सगळंच लांबलं असतं. लोकांनीच मागितलं म्हटलं की कुणी भांडत नाही. आणि फीडर मी भांडून मिळवली, नाहीतर तुम्हाला तीही नव्हती."

"असलेलं आम्ही मागत नाही, हे तुमच्या ऑफिसात कुणाकुणाला ठाऊक होतं?"

धाकटीनं समोरच्या आरशातून नजर खाली घेतली. ऑफिसात ते ठाऊक असणारी ती एकटीच होती.

"केसानं गळा कापतात म्हणे," थोरली म्हणाली. "तू दोऱ्यानं कापलास. तोही माझ्याच रिळातला."

"ताई, असं नको ना बोलू."

"मलाच का गं पाठवलंस दारोदार?"

"तुझं ऐकतात सगळे."

"ऐकलं की."

धाकटीचे डोळे भरले. लहानपणीही ती अशीच रडायची, आवाज न करता, नाकाचा शेंडा लाल करून. थोरलीचा हात सवयीनं तिच्या गालाकडे निघाला, मधेच खांद्याची शिवण सारखी करून परत आला.

"हात वर कर. काखेत ओढतंय?"

"थोडं."

"सैल करते."

कोट शिवताना एकदा मनात आलं, एक बाही बोटभर आखूड करावी. उद्घाटनाच्या फोटोत दिसू दे. पण आयुष्यभर सरळ शिवलेल्या हातांना वाकडं शिवणं जमेना. कोट इतका सुरेख झाला की थोरलीला स्वतःचाच राग आला.

लांबडीच्या शेवटच्या दिवशी बस भरून आली. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं तेही चढले होते. थोरलीनं बोचकं खिडकीशी बसवलं, शेजारी स्वतः बसली, मांडीवर कागदात गुंडाळलेला कोट. लोक दांडीला लोंबकळत उभे होते, पण "मावशी, ते बोचकं जरा उचला" असं कुणी म्हणेना. मास्तरीणबाईंना पुढं जागा मिळाली होती, मास्तर दांड्याला टेकून उभे होते. त्यांनी एकदा थोरलीकडे पाहिलं आणि नजर बाहेर नेली. कंडक्टरही तिकिटाचं काही बोलला नाही.

"धाकटीचं पार्सल?" एवढंच त्यानं विचारलं.

"मीच देते."

ऑफिसच्या थांब्यावर धाकटी उभी होती. हात नेहमीसारखा पुढं. थोरली वाट काढत दारात आली आणि त्या थांब्यावर लांबडी पहिल्यांदाच पुरती थांबली.

"वर ये," थोरली म्हणाली. "तुझी जागा धरलीय. बाजारापर्यंत चल. कोण कुठं उतरतं ते बघ, आणि मग मला सांग मागणी नाही म्हणून."

धाकटीनं आत पाहिलं. सगळी बस तिच्याकडे पाहत होती. तिचा एक पाय पायरीवर आला, तसाच जरा वेळ राहिला. मग खाली गेला.

"ताई, मीटिंग आहे गं. संध्याकाळी फोन करते."

कंडक्टरनं घंटेची दोरी धरली, पण ओढली नाही, थोरलीकडे पाहिलं. तिनं कोट धाकटीच्या हातावर ठेवला.

"वरच्या बटणाला दोरा दुहेरी घातलाय," ती म्हणाली. "तू नेहमी तेच ओढतेस."

"पुढच्या वेळी ताई, तो राखाडी स्कर्ट पण..."

"पुढच्या वेळी कशानं पाठवू?"

घंटा वाजली.

थोरली जागेवर आली, बोचकं उचलून मांडीवर घेतलं आणि खिडकीशी सरकली. "मास्तर, बसा."

"कुणासाठी तरी धरलेली दिसते जागा."

"कुणासाठी नाही. सवय."

मास्तर गुडघे सांभाळत बसले. दवाखान्याची भिंत दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, "मशीनवर बसवून न्यायचं ठरलंय आपलं. लक्षात आहे ना?"

"मशीन जागचं हलत नाही हो मास्तर."

"माझे गुडघे तरी कुठं हलतात?"

दोघं मिळून मास्तरीणबाईंना खाली उतरवू लागले. पायऱ्या उंच होत्या, मागच्या चार जणांनी न सांगता हात दिले. रस्त्यावर पोचल्यावर मास्तरांनी वळून विचारलं, "पुन्हा कुणी आलं, कुठं जायचंय म्हणून विचारायला, तर काय सांगायचं आपण?"

"मला नका विचारू," थोरली बसच्या पायरीवरूनच म्हणाली.

बस सुटली. निम्मी रिकामी झाली होती, तरी जागेवर येऊन बोचकं तिनं पुन्हा मांडीवरच घेतलं. कंडक्टर तिच्यापाशी येऊन रेंगाळला. काहीतरी बोलावं म्हणून म्हणाला, "मावशी, याचं तिकीट?"

"फाड," थोरली म्हणाली. "आले आता त्याला दात."

कंडक्टर हसला नाही. त्यानं खरंच एक तिकीट फाडलं आणि बोचक्याच्या गाठीत खोचून ठेवलं.