गुच्छाच्या कडेचे दोन तारे

भरमाप्पा मास्तरांनी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी, सहा इंची आरशाची दुर्बीण आणून लक्ष्मीपुरीतल्या आपल्या गच्चीवर मांडली. घरचं किराणा दुकान सांभाळणाऱ्या शांतादेवींना ती सवतीसारखी वाटायची. उन्हाळ्यात गच्ची पापड-सांडग्यांची, आणि हे गृहस्थ मधोमध दुर्बीण रोवून बसलेले. कुणी हलवली तर अंगावर धावून येणार.

मास्तरांचा हट्ट एकच होता. काही तारे उजळतात आणि मंदावतात, हे वर्गात तोंडपाठ सांगून झालं होतं. आता ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक तारकागुच्छ हेरला. दुर्बिणीतून तो ताटलीत सांडलेल्या खसखशीसारखा दिसे. आत नुसती दाटी, पण कडेला दोन तारे सुटे उभे होते. त्यातला एक महिनाभरात कमी-जास्त होतो, असं त्यांनी वाचलं होतं. शेजारचा दुसरा तुलनेला आयताच मिळाला.

पाडव्यापासून जेवण उरकलं की मास्तर गच्चीवर. पण दोन्ही तारे कधीही पाहावेत तर सारखेच; एखाद्या रात्री दोन्ही अंधूक दिसले, तर मास्तर धुरकट हवेला बोल लावत. शेवटी शांतादेवींनी निकाल दिला. मेअखेरीला निपाणीहून पुतण्या महांतेश टेम्पो घेऊन येणार होता; तोवर काही दिसलं नाही तर दुर्बीण त्याच्या पोरांना द्यायची. मास्तर कबूल झाले खरे, पण घास गोड लागेना. दोष दुर्बिणीचा नाही, आपल्या म्हाताऱ्या डोळ्यांचा आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

बसवजयंतीला दुकान बंद होतं. पोळ्यांचं जेवण झालं तरी नवऱ्याचं तोंड उतरलेलंच, ते बघवेना म्हणून शांतादेवी गच्चीवर आल्या आणि पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावला. दोन्ही तारे नीट निरखले. मग तारा बदलला नाही हे कशावरून ठरवता, असं विचारलं. शेजारच्याशी ताडून, मास्तर म्हणाले.

"आणि शेजारचाबी बदलत असला तर?" शांतादेवींनी डोळा न काढताच विचारलं. "दुकानात मापं तपासायला सायब येतोय, तवा आमची दोन मापं एकमेकांशी तोलतोय व्हय? दोन्ही सारखी झिजली असली तर काटा मधीच ऱ्हाणार की. त्यो आपलं माप संगं आणतोय."

मास्तर पापडाच्या खाटेवरच बसले. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. दुसऱ्या ताऱ्याची चौकशी करायचं त्यांना सुचलंच नव्हतं; सज्जन शेजारी म्हणून ते त्याला तसाच धरून चालले होते. त्याच रात्री त्यांनी गुच्छापासून लांब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला तिसरा तारा निवडला. पुस्तकात बघून तो न बदलणारा आहे याची खात्रीही केली.

त्या रात्री तिघेही जवळपास बरोबरीचे होते. आठवड्यानं ते दोघे तिसऱ्याच्या मागे पडले. पुढं तर इतके मंदावले की शहराच्या उजेडात हुडकावे लागले. मास्तरांनी जिन्यातून अशी हाक मारली की शेजारचे पिराजी काठी घेऊन बाहेर आले. चोर नाही, तारे सापडलेत, हे कळल्यावर तेही वर आले. एक मागितला आणि दोन मिळाले होते, दोघेही जोडीनं उजळणारे आणि जोडीनं मंदावणारे. डोळे शाबूत होते. मास्तरांना नाचावंसं वाटत होतं, आणि ते थोडं नाचलेही.

ठरल्याप्रमाणे मेअखेरीला महांतेश आला. दुर्बीण न्यायला गच्चीवर गेला, तर पापडाच्या खाटा कठड्याला सरकवलेल्या आणि मधली जागा झाडून स्वच्छ केलेली. शांतादेवींनी त्याच्या हातात पापडांचा डबा ठेवला. त्यानं बिचकत दुर्बिणीचं विचारलं.

"ती कुठं जात न्हाय," शांतादेवी म्हणाल्या. "तू जेवून जा. आज ते दोघं परत तिसऱ्याच्या बरोबरीला येणार हाईत, तेवढं बघ आणि मग टेम्पो काढ."