दोन हातांचा नारळभोक्या

मित्रांनो, मी एक जुना ओपनर आहे. वाइनच्या बाटलीचे बूच काढण्यासाठी माझा जन्म झाला. पण जिंतुरात गेली अकरा वर्षे मला सगळे ‘नारळभोक्या’ म्हणतात, आणि आता मीही ओ देतो.

मुरादाबादच्या एका पितळेच्या कारखान्यात मी घडलो. पिळाची शेपटी, डोक्यावर मूठ आणि अंगाला दोन हात. शेपटी बुचात फिरवली की हात आपोआप वर जातात. ते खाली दाबले की ‘ठॉक्’! माझी भावंडे मुंबईच्या हॉटेलांत गेली. मी मात्र चुकून झाऱ्यांच्या पोत्यात पडलो आणि थेट जिंतूरला, चांगुणाबाईंच्या केटरिंगमध्ये उतरलो.

त्यांनी मला हातात घेतले, तसे माझे हात वर गेले. “अगं बया, ह्यो तर शरण आलाय!” असे म्हणून त्यांनी मला नारळाच्या डोळ्यात खुपसले. पाण्याची धार लागली. माझे शिक्षण तिथेच संपले.

त्यानंतर चटणीचे किती नारळ भोकले, मोजदाद नाही. तक्रारही नाही. फक्त एक इच्छा होती: जन्मात एकदा, भरल्या पंगतीत, बूच काढायचे.

यंदा ती वेळ आली. गोविंदराव गुरुजींचा मुकुल पुण्यात नोकरीला. त्याच्या साखरपुड्याचे जेवण येलदरी धरणाजवळच्या मळ्यात ठरले. ऐंशी पाहुणे, निम्मे त्याच्या ऑफिसातले. चांगुणाबाईंनी हे काम लेकीवर सोपवले होते. सुकेशनीची ही पहिली स्वतःची ऑर्डर. अट एकच: “बिघडली, तर गुमान तलाठी भरतीचा फॉर्म भरायचा.” फॉर्म छापून फळीवर ठेवलेलाही होता.

मुकुल फोनवर म्हणाला, “वाइन ठेवा. सगळ्यांना आवडेल अशी. शक्यतो ड्राय.”

“ड्राय म्हंजे काय, मामा?” फोन ठेवून सुकेशनीने विचारले.

तिचे मामा धम्मदीप टेम्पो चालवतात. पूर्वी ते नांदेडच्या एका हॉटेलात सहा दिवस कामाला होते, त्यामुळे घरात वाइनवर शेवटचा शब्द त्यांचाच.

“पोरी, जेवण दोन ऑक्टोबरला हाय का न्हाई? त्या दिवशी ड्राय डे. उपासाला जसा साबुदाणा, तशी ड्राय डेला ड्राय वाइन!”

सगळ्यांना पटले. खरे सांगतो, मलाही पटले.

मामांनी परभणीहून चार बाटल्या चवीला आणल्या. तिघींची झाकणे फिरकीची निघाली. चौथीला बूच होते! मी खुंटीवर थरारलो. मामांनी उलथन्याच्या दांड्याने ते बूच आत ढकलून दिले.

चांगुणाबाईंनी आमटीसारखा एकेक थेंब तळहातावर घेतला. “ही आंबट. ही तुरट. हिनं तर जीभच कोरडी पडायलीय.”

“तेच तर ड्राय, आक्का.”

“मग पाहुण्यांला कशाला पाजायलाव? दुश्मनी हाय का?”

मग त्यांनी येलदरीचा तळलेला मासा आणि ठेचा मांडला. शेजारणी बोलावल्या आणि सगळ्यांना घोट घोट दिला. कुणालाच काही विचारले नाही, स्वतः नुसत्या ताटांकडे बघत बसल्या. चौथ्या बाटलीच्या घोटाबरोबर ताटांतला मासा भराभर संपला.

“हीच घे. काय आवडलं ते तोंडाला इचारू नये, पोरी, ताटाला इचारावं. तोंड लाजतं.”

दोन खोकी आली. चोवीस बाटल्या, सगळ्या बुचाच्या! खोक्यावर माझ्यासारख्याच एकाचे चित्र होते. सुकेशनीने चित्र पाहिले, खुंटी पाहिली आणि ओरडली, “माय! नारळभोक्या!”

त्या दिवशी मला चिंचेने घासले. मी इतका चमकलो की मामांनी माझ्यात बघून भांग पाडला.

दोन ऑक्टोबरची सकाळ. टेबले लागली, काचेचे ग्लास लागले, मी ताटलीत झोकात उभा. इतक्यात शाळेतला कार्यक्रम उरकून गुरुजी खादीत आले. त्यांना खोकी दिसली.

“सुकेशनी, आज काय आहे?”

“गांधी जयंती, गुरुजी.”

“मग हे चालत नाही.”

“चालतंय की गुरुजी,” मामा म्हणाले, “ड्रायच हाय!”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असे उत्तर कुणीही लिहिले नव्हते.

खोकी टेम्पोत गेली, कुलूप लागले. सुकेशनी पालथ्या पातेल्यावर बसली. “मामा, फॉर्मची शेवटची तारीख कवा हाय?”

माझे दोन्ही हात खाली पडले.

चांगुणाबाईंनी मला उचलले. “रडायलीस काय? ह्यो मोकळाच हाय की. धम्मदीप, पोरीला घेऊन देवगाव फाट्याला पळ. शहाळ्यांची गाडी उभी असती.”

फाट्यावर सुकेशनीने एकेक शहाळे कानाशी हलवून निवडले. वाजले ते मलईचे, मुके ते पाण्याचे. दोन्ही घेतली, कारण ऐंशी तोंडे एका चवीची नसतात. संध्याकाळी शहाळी बर्फात बसली, वरची साले कोयत्याने उतरली आणि पुण्याची मंडळी टेबलांशी आली.

सुकेशनीने पहिल्या शहाळ्यात माझी शेपटी फिरवली. माझे हात वर गेले. तिने ते दाबले.

ठॉक्!

कुणीतरी शिट्टी मारली. पाचव्या शहाळ्याला लोक मोजू लागले. दहाव्याला माझे हात वर गेले की सगळ्यांचे हात वर! नवरी श्रीनिधी शालू सावरत आली, म्हणाली, “एक मी काढणार.” गुरुजींनी दोन काढली आणि दोन्ही वेळा स्वतःच दचकले.

शेवटी चांगुणाबाई पंगतीतून ताटे बघत फिरल्या. मासा संपला होता. परतीच्या वाटेवर त्यांनी टेम्पोतच मला गुंडाळायला कागद मागितला. सुकेशनीने पिशवीतून, सोबत आणलेला तलाठ्याचा कोरा फॉर्म काढून दिला.

बाटल्या मुकुल पुण्याला घेऊन गेला. तिथे म्हणे बटणावर चालणारा ओपनर आहे. मी आजवर एकही बूच काढलेले नाही, पण भरली पंगत पाहिली आहे.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला तिचे काम विचारू नका, एखादे देऊन बघा. आणि काम झाले की तिला पुसून ड्राय ठेवा. आमच्या घरात त्या शब्दाचा आता एवढाच अर्थ उरला आहे.