पुऱ्या कुयरीचा काठ

छायाला हौस दांडगी. ती नागपूरला इंजिनियरिंग शिकत होती, कॉलेजात नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि त्याची करामत गावी, सौंसरात, कधी एकदा दाखवते असं तिला झालं होतं. तिचे वडील नत्थूजी भगवंतरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी मोठ्या मशीनला नवं बेअरिंग बसवलं, तेव्हा हिने मशीनची घरघर टेप केली आणि नागपूरला नेऊन कॉम्प्युटरला दिली. मशीन ठीक असेल तर आवाजातल्या सुरांच्या आलेखात एकच बारीक सुळका दिसायला हवा. इथे सुळक्याच्या दोन्ही अंगांना पसारा. बेअरिंग खराब, असं तिने ठरवून टाकलं. आणि शहाणपण असं, की तो आलेखाचा कागद तिने घरी नाही, थेट भगवंतरावांना दाखवला.

त्यांनी ऐन कापसात मशीन बंद केलं. सोमवारपासून दुसरा फिटर येईल, असा निरोप घरी आला. नत्थूजी भांडले नाहीत. कॉम्प्युटर म्हणते तर चुकलं असेल, एवढंच बोलले आणि ओसरीत बसून राहिले. छाया आत आईजवळ जाऊन बसली.

आई, पंचफुला, गोधडीला चहूबाजूंनी जुन्या लुगड्याचा काठ लावत होती. काठाची दोन टोकं भेटली तिथे तिने नक्षीतली अर्धी कुयरी कापून फेकली. काठ वाया कशाला घालवतेस, असं छायाने विचारलं.

"अर्धीले अर्धी जोडली तं तिथं तिसरंच काही दिसते, बाई," आई म्हणाली.

छाया चमकली. कॉम्प्युटरही आवाजाचा एक तुकडाच घेतो आणि टोकाला टोक जोडून तोच पुढे चालू आहे असं धरतो. तिचा तुकडा लाटेच्या मध्येच तुटला होता. जोडावर बसला तो हिसका मशीनचा नव्हताच, तिच्या कापण्याचा होता. पसारा त्याचाच.

सकाळच्या बसने ती नागपूरला गेली. टेप तीच, तुकडा मात्र पुऱ्या लाटांचा घेतला. एकच सुळका उभा राहिला. तिला हायसं वाटलं आणि कॉलेजात सगळ्यांदेखत रडूही आलं.

परतल्यावर ती आधी जिनिंगमध्ये गेली, चूक आपली असल्याचं तिने भगवंतरावांना सांगितलं. दोन शब्द ऐकून घेतले, आणि वडिलांना बोलावल्याचा निरोप घेऊनच घरी आली.

"बाबा, बेअरिंग चांगलं हाय. मीच चुकली."

नत्थूजींनी मोठा श्वास सोडला. टोपी घातली, पान्यांची पिशवी उचलली आणि दारात थांबले.

"दुसऱ्या कोनी म्हटलं असतं तं भांडलो असतो, पोरी," ते म्हणाले. "तू सांगून राहिली होती, म्हणून मानलं."